बग कुठे आहे?

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांची 'स्पीच इव्हॅल्युएशन' झाली. वय वर्षे चार. इथे अमेरिकेत शाळेतर्फे ही तपासणी फुकट होते, म्हणून आम्ही खुशीत गेलो आणि बारा पानी रिपोर्ट घेऊन परत आलो. सारांश: भाषेचा विकास मागे आहे. तोंडी सल्ला: घरी इंग्रजीच बोला.

हापिसात दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधणारा मी, हा रिपोर्ट मात्र निमूट मान्य केला. पोराच्या बाबतीत धोका कोण पत्करणार? तीन महिने घरात मराठी बंद. इंग्रजी काही फार वाढलं नाही, पण पोरगा फोनवर आजीशी बोलेनासा झाला. "अरे, रुसलाय का हा माझ्यावर?" आईने विचारलं, तेव्हा काय सांगावं ते सुचेना.

मग एका वीकांताला चहा घेऊन रिपोर्ट नीट वाचला. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'मध्ये फरक करत नाही. (बाप तरी कुठे करतो?) 'अ' आणि 'द' गाळतो. मराठीत आहेतच कुठे ते? चित्रातल्या लेडलला 'डाव' म्हणाला, रोलिंग पिनला 'लाटणं'. दोन्हीला शून्य! म्हणजे वस्तू माहीत, तिचं नाव माहीत, पण मार्क नाहीत. आमच्या धंद्यात याला टेस्ट केस चुकली म्हणतात.

शोधल्यावर कळलं की हे दुखणं जुनं आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं, म्हणून कॅलिफोर्नियात १९७० साली 'डायना' नावाचा खटला झाला होता. आता तर इथल्या केंद्रीय कायद्यातच आहे की शक्य असेल तिथे तपासणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हावी. आम्ही तशी मागणीच केली नव्हती!

ती केली. दुसऱ्या बाईंना मराठीचा गंध नव्हता, पण त्यांनी दुभाषी बोलावला. आधी आम्हाला विचारलं, याच्या वयाची तुमच्याकडची मुलं कशी बोलतात? घरच्यांना याचं बोलणं समजतं का? मग मर्सर मेयरचं बेडकाचं पुस्तक दिलं. त्यात शब्दच नाहीत, नुसती चित्रं. पोराने आजीला व्हिडिओ कॉलवर अख्खी गोष्ट सांगितली. बरणी रिकामी 'होती', बेडूक पळून 'गेला', पिल्लं 'सापडली'. तो, ती, ते कुठेही चुकलं नाही. शिवाय बाईंनी काही नवेच बनवलेले शब्द शिकवून पाहिले. आज काय येतं यापेक्षा शिकवल्यावर किती पटकन येतं, ते बघायला. भराभर शिकला.

हुश्श! म्हणजे सगळं ठीक?

नाही. काकाला तो 'ताता' म्हणायचा, केळ्याला 'तेळं'. आम्हाला ते गोड वाटायचं. बाईंनी सांगितलं, हेच 'कार'चं 'टार' पण होतंय. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, एकाच भाषेत दिसली तर बहुधा ती भाषा अजून शिकायची राहिलीय एवढंच. पहिल्या रिपोर्टात हा 'क' होता की, पण पंधरा चुकांच्या यादीत सातव्या नंबरावर. नसलेल्या चौदा बगांच्या गर्दीत खरा एक हरवला होता. योग्य तपासणी म्हणजे मुलाला सोडून देणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या शाळेत वऱ्हाडातला एक मुलगा डोळ्याला 'डोया' म्हणायचा. बाई त्याला रोज "शुद्ध बोल" म्हणायच्या आणि वर्ग हसायचा. मीही. हळूहळू त्याने हात वर करणंच बंद केलं. त्याच्या बोलण्यात दोष नव्हता, ती त्याच्या घरची भाषा होती. असो.

सहा महिने थेरपी झाली. घरात मराठी पुन्हा सुरू आहे. परवा फोनवर त्याने माझ्या भावाला स्पष्ट "काका" अशी हाक मारली. पलीकडून आवाज आला, "अरेरे, माझा ताता गेला!"