कॉलेजची इमारत, तीन लाख रुपये आणि एक शिपाईमामा

पोस्ट लांब आहे. पण आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ज्या कॉलेजात डबे खाल्ले त्या कॉलेजची गोष्ट आहे, तेव्हा वाचा.

गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका वर्गात स्लॅबचा पोपडा पडला. मधली सुट्टी होती म्हणून कुणाला लागलं नाही. बाकावर मूठभर सिमेंट आणि वर उघडी पडलेली गंजकी सळई. त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट झालं, सुमारे तीन कोटींचा अंदाज निघाला आणि कामावर देखरेख करायला प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे आपल्या भाषेत पीएमसी, नेमायचं ठरलं. माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून निवड समितीवर मला घेतलं. माझं हार्डवेअरचं दुकान. सिमेंट-सळईतलं कळतं, असा लोकांचा समज. माझाही होता.

पहिल्या बैठकीत मीच सगळ्यात मोठ्यानं बोललो. "ज्याची फी कमी त्याला द्या, विषय संपला." एका फर्मची फी दोन टक्के होती, दुसरीची तीन. तीन कोटींवर सहा लाख आणि नऊ लाख. तीन लाख वाचवले म्हणून चहा पिताना मलाच बरं वाटत होतं. आता लपवत नाही, दोन टक्केवाला माझ्या ओळखीचा. माझ्या दुकानातून माल नेतो.

बैठकीनंतर प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "भाऊ, दोघांनी केलेली जुनी कामं तेवढी बघून या ना." एका रविवारी मोटारसायकल काढली.

पहिलं काम एका शाळेचं, तीन पावसाळे झालेलं. बाहेरून रंग झकास. मुख्याध्यापकांनी चहा दिला, कौतुक केलं. निघताना शिपाईमामांना सहज विचारलं, "मामा, पावसाळ्यात बादली कुठं ठेवता?" ते हसले आणि जिन्याच्या वरच्या खोलीत घेऊन गेले. छताला तपकिरी डाग, आणि पुन्हा तोच पोपडा. मामा म्हणाले, "साहेब यायचे की. महिन्यातून एकदा. फोटो काढायचे आन् जायचे." काम कुणाच्या देखरेखीखालचं? माझ्या ओळखीच्याच.

तिथं मला माझा धंदा नव्यानं कळला. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की सळई गंजते. गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. अशा वेळी सैल काँक्रीट काढायचं, सळई घासून स्वच्छ करायची, फार झिजली असेल तर जोड द्यायची, मगच वर भरायचं. पण वरून नुसतं प्लास्टर मारलं तरी त्या दिवशी दोन्ही कामं सारखीच दिसतात. फरक फक्त झाकण्याआधी तिथं उभ्या असलेल्या माणसाला कळतो. पीएमसीला पैसे द्यायचे ते त्या उभं राहण्याचे. झाकण्याआधी मोजमाप घेणं, फोटो काढणं, नापास काम पुन्हा करून घेणं.

दुसऱ्या फर्मचं काम पाहिलं. तिथंही एका कोपऱ्यात ओल होती, खोटं कशाला बोलू. पण तिथल्या क्लार्कनं फाईल काढून दाखवली. कुठल्या खोलीत किती सळई बदलली, कुठल्या तारखेला. आणि दोषदायित्वाच्या मुदतीतच ती ओल ठेकेदाराकडून फुकट दुरुस्त करून घ्यायचं पत्रही गेलेलं.

दुसऱ्या बैठकीत मी आधी सांगितलं की एक अर्जदार माझा गिऱ्हाईक आहे, त्याला मी गुण देणार नाही. आणि पहिल्या बैठकीतलं माझं बोलणं मागे घेतो. दुकानात त्याचा फोन आला तो सांगण्यासारखा नाही. असो.

आता मुद्द्याचं. सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि खर्च दोन्ही मिळून गुण द्यायची पद्धत सरकारी नियमांतही आहे. समजा तांत्रिक बाबींना ७० आणि फीला ३० वजन ठेवलं. सहा लाखवाल्याला तांत्रिक गुण १०० पैकी ६०, नऊ लाखवाल्याला ९०. कमी फीवाल्याला फीचे पूर्ण १००, दुसऱ्याला त्या प्रमाणात ६७. बेरीज केली तर पहिला ७२, दुसरा ८३. महाग माणूस जिंकतो, आणि का जिंकला हे कागदावर दिसतं. मात्र हे वजन लिफाफे उघडायच्या आधी ठरलं पाहिजे. नंतर ठरवलं तर तो सोयीचा हिशेब.

समितीपुढे मी चार गोष्टी मांडल्यात :

१. मुलाखतीला येणाऱ्या मोठ्या साहेबांपेक्षा साईटवर रोज उभा राहणारा इंजिनिअर कोण, त्याचं नाव करारात लिहा.

२. फी टक्क्यांत नको, ठरावीक रक्कम द्या. टक्क्यांत दिली तर बिल फुगलं की सल्लागाराची फीही फुगते. मग तो बिल कमी कशाला करेल?

३. छताचं काम उन्हाळी सुट्टीत बसलं पाहिजे. नेमणूक लांबली तर मुलं अजून एक पावसाळा त्याच स्लॅबखाली.

४. रॅम्प आणि अग्निसुरक्षा "निधी उरला तर" या यादीत नको. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, अजून किती थांबायचं?

दोन गोष्टी मान्य झाल्या, दोनांवर "बघू" झालंय. पुढच्या बैठकीत निर्णय आहे. गुणांचा तक्ता कॉलेजच्या सूचना फलकावर लावावा, असं पत्र मी दिलंय. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पटतं त्यांनी प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचं पत्र द्या. भांडायला नको, नुसतं विचारा.

तीन लाख वाचवायला मीच निघालो होतो. त्या शिपाईमामांना प्रश्न विचारला नसता तर वाचवलेही असते. आणि माझ्या पुतणीचा वर्ग वरच्या मजल्यावरच आहे.