तेरियाकी, एअर फ्रायर आणि बाबा

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "ते तेरियाकी चिकन कसं करतात गं?" एक मावसबहीण, एक कॉलेजातला मित्र आणि तिसरे म्हणजे आमचे एक काका, ज्यांनी आजवर स्वतःचा चहासुद्धा कधी केलेला नाही. गंमत म्हणजे तिघांपैकी कुणीही ते माझ्या हातचं खाल्लेलं नाही. तिघांनीही ते खाल्लंय पुण्यात, आमच्या बाबांच्या हातचं! तेव्हा म्हटलं, एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकावं. कृती खाली येतेच आहे, पण तिच्या आधीचं थोडं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आधी नावाचं. जपानी भाषेत 'तेरी' म्हणजे तकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणं. थोडक्यात, चकाकेल असं भाजलेलं. सोया सॉस, मिरिन (तांदळापासून केलेलं गोड मद्य), साके आणि साखर एवढ्यावर सगळा खेळ. जपानात घराघरांत 'बुरी' नावाच्या माशाची तेरियाकी होते. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जपानी मजूर गेले आणि तिकडच्या तेरियाकीत आलं, लसूण, अननसाचा रस असं काय काय आलं. आणि आमच्या सिअ‍ॅटलमध्ये १९७६ साली तोशिहिरो कासाहारा नावाच्या गृहस्थांनी एक छोटंसं तेरियाकीचं दुकान काढलं. त्यानंतर हे लोण असं पसरलं की विचारू नका. आपल्याकडे नाक्यानाक्यावर वडापाव तशी इथे तेरियाकी. भाताचा मूद, वर चकचकीत चिकन, बाजूला कोबीचं नाहीतर लेट्यूसचं गोडसर सॅलड. पुढे यातली बरीच दुकानं कोरियन कुटुंबांनी चालवली. म्हणजे जपानी नाव, अमेरिकन गाव आणि कोरियन हात. आता त्यात मराठी हाताची भर पडली एवढंच.

तर बाबा. आई २०२३ च्या डिसेंबरात गेली. आई होती तोवर बाबांचा स्वयंपाकघराशी संबंध म्हणजे गॅसचा सिलिंडर बदलणे आणि मिक्सर बिघडला की उघडून बसणे. आई गेल्यावर डबा लावला. डबा चांगला होता, पण बाबा दुपारी अर्धा खायचे आणि रात्री चहात बिस्किटं बुडवून झोपायचे. हे आम्हाला कळलं शेजारच्या काकूंकडून. चार महिन्यांत वजन सहा किलोनं उतरलं. भाऊ बंगलोरला, मी इथे. रोज रात्री आमचे फोन. बाबांना त्याच्याकडे ठेवायचं की माझ्याकडे आणायचं? पुण्यातला फ्लॅट भाड्यानं द्यायचा का? या सगळ्यात बाबांना काय हवंय ते एकच होतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मी माझ्या घरी राहणार."

मे २०२४ मध्ये ते पाच महिन्यांसाठी माझ्याकडे आले. येताना पिशवीत बीपीच्या गोळ्या, कानटोपी आणि एक स्क्रू-ड्रायव्हरचा सेट.

पहिले दोन आठवडे ते नुसते खिडकीत बसून असायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं लक्ष एअर फ्रायरकडे गेलं. उचलून पाहिला, जाळी काढली, टॉर्च मारून आत बघितलं. वर कॉइल, त्यावर पंखा. म्हणाले, "अगं, यात फ्राय काय होतंय? ही तर आमची फर्नेस आहे!"

बाबांनी चौतीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात काढली. तिथे पोलाद टेंपर करायच्या भट्टीतही गरम हवा पंख्यानं फिरवतात, म्हणजे प्रत्येक नगाला सारखी उष्णता मिळते. एअर फ्रायरचं तत्त्व तेच. २०१० साली फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र आणलं तेव्हा नावात 'फ्राय' घातलं, पण आहे ती छोटी, जोरात वारा फिरवणारी भट्टीच. पदार्थाभोवतीची ओलसर हवा पंखा सतत हटवतो, म्हणून वरचा थर लवकर सुकतो आणि कुरकुरीत होतो. तापमान किती आणि वेळ किती, दोनच आकडे. 'चवीपुरतं', 'अंदाजानं', 'खमंग वास सुटेपर्यंत' असलं काही नाही. बाबांना यंत्र एकदम पटलं.

मग मी विचारलं, "आईचा रस्सा करून बघू या का यंदा? मी वाटण सांगते." बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नको. ते तिचं. मी केलं तर प्रत्येक घासाला चुकल्यासारखं वाटेल."

यावर काय बोलणार? पण त्या वाक्यानं मला एक गोष्ट लख्ख कळली. आमटी, रस्सा, साधा वरणभातसुद्धा त्यांना करता येणार नव्हता असं नाही. प्रत्येक पदार्थाच्या शेजारी आई उभी होती. त्यांना हवा होता असा पदार्थ जो आमच्या घरी आधी कुणी केलेलाच नाही, ज्याची तुलना कशाशीच होणार नाही. तेरियाकी तशी होती. पोरकी म्हणा, किंवा मोकळी म्हणा.

आता कृती. अर्धा किलो बोनलेस लेगचं चिकन घ्या. ब्रेस्ट घेऊ नका, ते कोरडं पडतं. कागदानं अगदी कोरडं टिपा, कारण ओलं असेल तर आधी वाफवतं, मग भाजतं. तेलाचं बोट फिरवा. जाळीत तुकडे एकमेकांना न चिकटता मांडा, वारा फिरायला जागा हवी. १९० अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटं, मधे एकदा उलटायचं.

सॉस मात्र वेगळा. तव्यावरच्या तेरियाकीत सॉस चिकनबरोबरच आटतो आणि तिथल्या तिथे चिकटतो. एअर फ्रायरमध्ये तो जाळीतून खाली गळून जाणार, आणि जो वर उरेल तो कॉइलच्या धगीनं करपणार, कारण त्यात साखर आहे. म्हणून पाव कप सोया सॉस, पाव कप मिरिन, दोन मोठे चमचे साके किंवा पाणी आणि एक मोठा चमचा साखर छोट्या पातेल्यात निम्मं होईपर्यंत आटवा. चमच्याच्या पाठीला धरलं पाहिजे. चिकन शिजत आलं की ब्रशनं एक हात, दोन मिनिटं. पुन्हा एक हात, आणखी एक-दोन मिनिटं. बस! आतलं तापमान ७४ अंश झालंय हे थर्मामीटरनं बघा. सॉसमध्ये कच्चं चिकन बुडवलं असेल तर तो सॉस पुन्हा खळखळून उकळल्याशिवाय वरून ओतू नका.

रंगाचं बाबांचं स्वतःचं शास्त्र आहे. पोलाद तापवत नेलं की त्यावर रंग चढतात. आधी गवती पिवळा, साधारण २२० अंशांच्या पुढे, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. त्यावरून जुने कारागीर तापमान ओळखायचे. पोलादावर तो ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि चिकनवर साखर नि प्रथिनांची करामत, दोन्हींचा काही संबंध नाही. पण बाबा काचेतून डोकावून म्हणायचे, "तपकिरीला काढायचं. जांभळ्याची वाट बघायची नाही."

मिठाचं मात्र जपायला लागलं. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० च्या आत राहायला सांगते. बाबांना बीपी. म्हणून कमी सोडियमचा सॉस, तोही ब्रशनंच लावायचा, भातावर ओतायचा नाही. आणि हे आठवड्यातून एकदाच. बाकीच्या दिवशी त्याच भट्टीत बटाट्याच्या काचऱ्या, भेंडी, बांगडा. होय, तेरियाकीनंतर हळूहळू बाकीचं सगळं आलं. भेंडी त्यांनी आपणहून केली आणि मला ऑफिसात फोन करून सांगितलं. मी मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन दहा मिनिटं भेंडीवर बोलले.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. भावाचा आणि माझा त्यावर मोठा वाद झाला. तो म्हणाला, एक चिकन करता आलं म्हणजे माणूस एकटा राहू शकतो का? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रात्री-बेरात्री काही झालं तर चिकन उपयोगी पडत नाही. शेवटी ठरलं ते असं: शेजारच्या काकूंकडे किल्ली, सकाळी नऊला भावाचा फोन, रात्री नऊला माझा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार. तो विचार आम्ही दर सहा महिन्यांनी करतो. अजून बाबा पुण्यातच आहेत.

इथला एअर फ्रायर तिकडे चालला नसता, कारण इथली वीज १२० व्होल्टची आणि तिकडची २३०. हे बाबांनीच मला ऐकवलं आणि तिकडे गेल्यावर नवा घेतला. कोपऱ्यावरचा चिकनवाला त्यांना लेगपीसची हाडं काढून देतो. मिरिन-साकेच्या भानगडीत ते पडत नाहीत, साखर थोडी वाढवतात नि पाणी घालतात. मी नाक मुरडलं तर मलाच सुनावलं, "तुमच्या सिअ‍ॅटलवालेही साखरच वापरतात." वजन चार किलो भरून आलंय. डबा बंद केलेला नाही, फक्त दुपारचा ठेवलाय. आईच्या मसाल्याची बरणी फ्रीजरमध्ये आहे. तिला हात लावलेला नाही, आणि आम्हीही तो विषय काढत नाही.

तर नातेवाईक मंडळींना एक विनंती. बाबांकडे जाल तेव्हा कृपा करून डबा भरून नेऊ नका. रिकाम्या हातानं, भूक लागलेली असताना जा आणि जेवायला थांबा. फक्त आदल्या दिवशी फोन करा, कारण त्या जाळीत एका वेळी चारच तुकडे मावतात, आणि पाचवा ते दाटीवाटीनं बसवणार नाहीत.