आज ड्यूटी कोणाची?

‘‘चार वर्षांच्या पोरीला बिअर पिणाऱ्यांच्या जत्रेत न्यायचं?’’ पुण्याहून आईचा फोनवर पहिला प्रश्न. खरं सांगू, तो मलाही पडला होता. पण मी पडले पाहुणी! ताईकडे सुट्टीला आलेली, त्यात फ्रीलान्स जर्नालिस्ट. म्हणजे फुकटात काहीही बघायला मिळत असेल तर आपण तयार.

२ सप्टेंबर २०२३, शनिवार. मिशिगनमधलं अॅन आर्बर. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर आणि युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१! सगळं गाव मावेल की काय असं वाटणारं हे स्टेडियम १९२७ पासून उभं आहे, लाडाचं नाव ‘बिग हाऊस’. मॅच दुपारी बाराला. पण सकाळीच समोरच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर गाड्यांच्या रांगा लागलेल्या. डिकी उघडायची, घडीच्या खुर्च्या टाकायच्या, ग्रिल पेटवायचं, मॅचपर्यंत खायचं-प्यायचं. याला म्हणतात ‘टेलगेट’. तिकीट नसलेलेही येतात. आमच्याकडेही नव्हतं.

आणि पोरं? जिकडे तिकडे! बाबागाडीतली, खांद्यावरची, उतरत्या फळीतल्या भोकात धान्याच्या पिशव्या फेकणारी. सगळी पिवळ्या-निळ्या टी-शर्टमध्ये. (पिवळा म्हणायचं नाही हं, ‘मेझ’ म्हणायचं. म्हणजे मका!)

ताईची तयारी बघून मला जाम हसू आलं. पिल्लूच्या मनगटावर बॉलपेननं स्वतःचा मोबाइल नंबर. बॅगेत बँडच्या ढोलांसाठी कानावर लावायचे मफ. आणि आमच्या तंबूच्या काठीवर ताईची जुनी गुलाबी ओढणी. सगळे एकाच रंगात, मग पोरीला आपला तंबू कसा सापडणार? लाल का नाही, मी विचारलं. जिजू दचकलेच. लाल म्हणजे ओहायो स्टेट! हिरवा? तो मिशिगन स्टेटचा. दोन्ही जन्माचे वैरी. उरला गुलाबी.

तिचा सगळ्यात मोठा फंडा म्हणजे ‘ड्यूटी’. एका वेळी एकच माणूस पोरीवर नजर ठेवणार. तो बिअरला हात लावणार नाही, ग्रिलपाशी जाणार नाही. आणि ड्यूटी बदलताना तोंडानं सांगायचं, ‘‘आता तुझी.’’ समोरच्यानं म्हणायचं, ‘‘हो, माझी.’’ सगळ्यांचं लक्ष म्हणजे कोणाचंच नाही, हे तिला लग्नकार्यांत कळलंय म्हणे.

साडेदहाच्या सुमाराला ताई त्या प्लॅस्टिकच्या संडासांच्या रांगेकडे निघाली. ‘‘आता तुझी.’’

‘‘हो गं, माझी.’’

पिल्लूनं मोहरीचा सॉस हातभर माखून घेतला होता. मी ओल्या वाइप्सनी हात छान पुसून काढले. नंबरही निघाला. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मग शेजारच्या टेबलावर कोणीतरी भलामोठा हॉट डॉग उभा-आडवा सजवत होतं, त्याचा फोटो काढला. एक नीट नाही आला, म्हणून दुसरा.

मान वर केली तर खुर्ची रिकामी.

आधी गंमत वाटली. असेल इथेच. मग पाहिलं तर समोर पन्नास पिवळ्या टी-शर्टवाली पोरं. त्यातली कुठली आपली? मी ‘पिल्लू’ म्हणून ओरडले. कोणाला काय कळणार? दोन रांगांमधून एक पिकअप हळूहळू जागा शोधत पुढे सरकत होता. त्या गाडीची चाकं मला आजही दिसतात. बिअरची भीती किती फालतू होती हे तेव्हा कळलं. पिणारे बिचारे बाटल्या खाली ठेवून माझ्याबरोबर शोधत होते. भीती त्या चाकांची, पेटलेल्या ग्रिलची, आणि फोटो काढणाऱ्या मावशीची.

सात-आठ मिनिटं गेली असतील. मग दोन रांगा पलीकडून एक आजी आली, डोक्यावर निळी टोपी, हातात पिल्लूचा हात. साबणाच्या फुग्यांमागे ती तिथपर्यंत पोचली होती. आजीनं मनगट पाहिलं, तिथे काहीच नाही. मग घर विचारलं, तर पोरीनं वर बोट केलं : गुलाबी.

ताई परत आली तेव्हा माझ्या तोंडावरूनच तिला कळलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पिल्लूला मांडीवर घेतलं आणि तिच्या मनगटावर नंबर पुन्हा लिहिला. मग माझा हात ओढला आणि माझ्याही मनगटावर लिहिला, चांगला ठळक. जिजू हसले. ती हसली नाही.

बाराला पलीकडून जो आवाज उठला तो हिरवळीवर बसूनसुद्धा छातीत जाणवला. पिल्लू कानाला मफ लावून मस्त नाचत होती. मिशिगननं ईस्ट कॅरोलिनाला ३०-३ नं लोळवलं. (हीच टीम जानेवारी २०२४ मध्ये नॅशनल चॅम्पियन झाली.) मी स्कोअर दुसऱ्या दिवशी वाचला. उरलेला सगळा वेळ मी त्या पोरीच्या बुटांकडे बघत होते.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. ‘‘कसं झालं गं? पोरगी नीट होती ना?’’

‘‘मस्त झालं,’’ ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी हात कॅमेऱ्याच्या खाली ठेवला.