ओल्या उजेडाचा बाजार

छायाचित्रणाचा छंद जडलेला मनुष्य आकाशाकडे बहुधा मुहूर्त शोधणाऱ्या यजमानाच्या दृष्टीने पाहतो. सूर्य अनुकूल असला म्हणजे कार्य निर्विघ्न पार पडेल अशी त्याची श्रद्धा असते, आणि ढग दाटून आले की कॅमेरा पेटीत ठेवून तो पुढल्या आठवड्याची वाट पाहतो. अमेरिकेतील मॅडिसन नगरीच्या शेतकरी बाजारात हिंडता हिंडता मी मात्र या श्रद्धेपासून ढळलो, आणि ऑक्टोबरअखेरचा, भुरभुर पावसाचा, बोटे बधिर करणाऱ्या गारठ्याचा शनिवार हाच त्या बाजाराचे चित्र घेण्याचा खरा दिवस, अशा निर्णयाला येऊन पोचलो.

विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर वसलेली आहे. त्यामुळे वारा वायव्येकडून सुटो की आग्नेयीकडून, पाण्यावरचा गारवा बरोबर घेऊनच तो गावात शिरतो. मध्यभागी १९१७ साली पूर्ण झालेले विधानभवन, त्यावर शुभ्र ग्रॅनाइटचा प्रचंड घुमट, घुमटाच्या शिखरावर डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने घडवलेली सोनेरी स्त्रीमूर्ती, आणि या वैभवाच्या चारही अंगांच्या पदपथांवर, एप्रिलपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर शनिवारी सकाळी, १९७२ सालापासून भरत आलेला हा बाजार. विधानभवन डाव्या हाताला ठेवून सर्वांनी एकाच दिशेने फिरायचे, असा इथला शिरस्ता आहे. उजव्या अंगाला देव ठेवून प्रदक्षिणा घालण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ही अपसव्य फेरी प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु उन्हाळ्यातल्या गर्दीत प्रवाहाविरुद्ध चालण्याचा हट्ट धरून पाहावा, म्हणजे त्या शिरस्त्याची थोरवी खांद्यांना कळते. पावसाच्या दिवशी हा दंडक आपोआप शिथिल होतो. हवे तिथे थांबावे, मागे फिरावे, एकाच ओट्यासमोर पाव घटका रेंगाळावे, कोणी हरकत घेत नाही.

उन्हाळ्यातल्या प्रकाशाची तऱ्हा अशी, की अर्धे टेबल उन्हात भाजते आणि अर्धे सावलीत बुडते. टोमॅटो उजळले तर विकणाऱ्याचे तोंड काळे पडते, तोंड उजळावे तर टोमॅटोंचा रंगच उडून जातो. ढगाळ आकाश असा पक्षपात करीत नाही. प्रकाश सगळीकडून सारखा उतरतो, टोपीच्या कडेखालचे डोळे दिसू लागतात, आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, ज्या उन्हात नुसत्या काळ्या रेघा वाटतात, त्यांची खोली आणि वळणे एकेक करून उलगडतात. अडचण येते ती डोक्यावरच्या कापडी मांडवांची. तांबड्या कापडाखाली फ्लॉवर गुलाबी होतो, निळ्या कापडाखाली जिवंत माणसाचा हात प्रेतासारखा दिसतो, आणि पुढच्या बाजूने येणारा पांढरा उजेड त्यात मिसळला की कॅमेऱ्यातली कोणतीही दुरुस्ती पूर्णपणे लागू पडत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे मांडवाच्या कडेशी, जिथे आकाशाचा उजेड थेट पोचतो, तिथे मांडलेल्या मालावर आणि तिथवर वाकून आलेल्या माणसावर नजर ठेवणे. पांढरे आकाश चौकटीत घेऊ नये, एवढे आणखी सांभाळले की निम्मे काम झाले.

पाऊस दिसतो तो काळोख्या पार्श्वभूमीवर. ट्रकचा उघडा अंधारा पोटभाग किंवा भिजलेल्या झाडाचे खोड मागे असले तर सेकंदाच्या साठाव्या भागात थेंबांच्या रेघा उमटतात आणि पाचशेव्या भागात तेच थेंब अधांतरी गोठतात. भिजलेल्या केल या पालेभाजीच्या पानावरची चकाकी पोलरायझर फिरवून काढता येते, आणि मग आतला गर्द हिरवा रंग असा काही वर येतो की पान आत्ताच खुडल्यासारखे वाटते. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी आणि रबराचा पट्टा, जादा बॅटरी सदऱ्याच्या आतल्या खिशात, कारण थंडीने तिची शक्ती झपाट्याने ओसरते, आणि घरी परतल्यावर कॅमेरा उबदार होईपर्यंत पिशवीतून बाहेर न काढण्याचा संयम, नाही तर भिंगावर दव धरते; इतकी सिद्धता पुरेशी आहे.

मात्र या ओल्या उजेडाचे खरे दान आहे ते हातांचे दर्शन. या बाजाराची मूळ अट अशी, की माल विस्कॉन्सिनमध्येच पिकलेला असावा आणि ज्याने पिकवला त्यानेच तो विकावा. अडत्याला, दलालाला, दुसऱ्याचा माल आणून मांडणाऱ्याला इथे मुभा नाही. गर्दीच्या दिवशी ही अट कागदावरच राहते, कारण डोळ्यांना दिसतात त्या गिऱ्हाइकांच्या पाठी, फुलांचे गुच्छ आणि लहान मुलांच्या गाड्या. पाऊस ही गर्दी घरी बसवतो आणि टेबलामागचा माणूस उघडा पडतो. बोटांची टोके कापलेले लोकरी हातमोजे, अंगठ्याच्या भेगांत कायमची बसलेली काळी माती, ओल्या नोटा एकमेकींपासून सोडवताना होणारी धांदल, हे सारे त्या अटीची रुजवात घालून देते. लाओसमधील युद्धानंतर, १९७५ पासून, या देशात आश्रयाला आलेल्या हमोंग समाजाची शेतकरी कुटुंबेही याच ओळीत कोथिंबिरीच्या आणि कांद्याच्या पातीच्या जुड्या रचून उभी असतात. एका गाजरवाल्याच्या टांगत्या काट्याच्या परातीत पावसाचे पाणी साचत असे, आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाआधी परात पालथी करून ते पाणी सांडून, फडक्याने तळ पुसून, काटा शून्यावर आल्याची खात्री करून मगच गाजरे टाकीत असे. पहिल्या कडाक्याच्या थंडीनंतर जमिनीतल्या गाजरांची साखर वाढते, हे त्यानेच मला तोलता तोलता सांगितले. त्या पालथ्या परातीचे चित्र मजपाशी आहे, आणि बाजाराच्या नियमांची छापील प्रत त्यापुढे मला फिकी वाटते.

अशा चित्रांविषयी विचार करताना छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे स्मरण अपरिहार्य होते. १९३६ च्या मार्च महिन्यात, सरकारी पुनर्वसन खात्याच्या कामावरून पावसात घरी परतताना, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्या ओलांडून गेल्या, वीसेक मैल गेल्यावर मोटार वळवून मागे आल्या, आणि कॅलिफोर्नियातील निपोमो येथे त्यांनी जे चित्र घेतले, ते ‘स्थलांतरित माता’ म्हणून जगभर गेले. पीक गारठ्याने गेले होते आणि मजूर उपाशी होते. चित्र प्रसिद्ध होताच सरकारी मदत धावली; परंतु लँग यांनी त्या स्त्रीला नाव विचारले नव्हते. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होती, हे जगाला कळले ते १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्या बाईंनी, आपल्या चेहऱ्यामुळे आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी कडवट तक्रार केली. त्या चित्राची थोरवी मला मान्य आहे, आणि ती तक्रारही तितकीच मान्य आहे.

म्हणून पावसातल्या बाजारात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला माझे सांगणे असे: गिऱ्हाईक विरळ झाल्या दिवशी शेतकऱ्याला आपल्या चौकटीपेक्षा विक्रीची निकड अधिक असते, तेव्हा आधी पिशवी पुढे करावी, पाच-सहा डॉलरचा माल घ्यावा, नाव विचारावे, चित्राची परवानगी मागावी, आणि ती मिळाली तरच कॅमेरा वर उचलावा, पुढल्या शनिवारी त्या चित्राची एक छापील प्रत त्याच्या हाती नेऊन द्यावी. इतके करण्याची तयारी नसेल, तर उन्हाळ्यात जाऊन फुलांची चित्रे घेतलेली बरी.