०.१०० च्या अलीकडे

फोनवर साधा व्हिडिओ काढला तर सेकंदाला बहुतेक वेळा ३० चित्रं निघतात. त्यातली तीन चित्रं म्हणजे ०.१०० सेकंद. शंभर मीटरच्या मोठ्या शर्यतीत बंदूक वाजल्यानंतर एवढ्या वेळाच्या आत तुमच्या पायाचा जोर स्टार्टिंग ब्लॉकवर नोंदला गेला, तर तुम्ही आवाज ऐकून निघालाच नाहीत, अंदाजाने निघालात, असं नियम मानतो. मग तुमची शर्यत संपली. चार वर्षांची तयारी, विमानाचं तिकीट, घरी टीव्हीसमोर बसलेली आई, कशाचाच विचार होत नाही.

१७ जुलै २०२२ ला अमेरिकेत यूजीन इथे जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळा शर्यतीची फायनल होती. डेव्हन ॲलन ओरेगॉन विद्यापीठाचा, म्हणजे ते त्याचं घरचंच मैदान. महिन्याभरापूर्वी तो १२.८४ सेकंद पळाला होता. फायनलमध्ये त्याचा आकडा आला ०.०९९. नियमापेक्षा एक हजारांश सेकंद लवकर. त्याला बाहेर काढलं. त्याच दिवशी सेमीफायनलमध्ये त्याचा आकडा ०.१०१ होता. तो चालला. दोन आकड्यांत फरक दोन हजारांशांचा, आणि त्यातला एक प्रामाणिक ठरला, एक लबाड.

मी हे सगळं वाचतो ते नवी पेठेत, काकांच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना. दहाला शटर वर जातं. त्याआधीची सकाळ माझी. कॉलेजात असताना शंभर-दोनशे मीटर पळायचो, आता पळत नाही. पण घरापासून पंधरा मिनिटांवर मातीचं एक मैदान आहे. तिथे पोलीस भरतीची पोरंपोरी पहाटे साडेपाचला येतात, कारण उन्हाळ्यात आपलं सोलापूरचं ऊन आठ वाजताच डोक्यावर बसतं. फक्कीने आखलेल्या सहा लेन, ब्लॉक नाहीत, सेन्सर नाहीत, बंदूकही नाही. मी क्लॅपर धरतो. ऑन युअर मार्क, सेट, आणि फट्!

भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात शंभर मीटरला १५ गुण. वेळेचे टप्पे ठरलेले असतात. एक टप्पा खाली घसरलात की दोन-तीन गुण गेले. आणि मेरिट लिस्ट एकेका गुणावर अडते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यामुळे आमच्या मैदानावर कुणी 'फॉल्स, फॉल्स' ओरडलं, की ती नुसती चेष्टा नसते.

नियम इतका कडक का झाला, हे आधी सांगायला हवं. तो उगाच कडक झालेला नाही. पूर्वी प्रत्येक धावपटूला एक फॉल्स स्टार्ट माफ होता. आठ जण, म्हणजे शर्यत सुरू होण्याआधी आठ वेळा मोडू शकत होती. काही जण मुद्दाम मोडायचे. जमलं तर जमलं, नाही जमलं तर शेजारच्याची एकाग्रता तरी गेली. टीव्हीचं वेळापत्रक कोलमडायचं ते वेगळंच. २००३ मध्ये नियम बदलला. सगळ्यांत मिळून एकच माफी, त्यानंतर जो चुकेल तो बाहेर. त्यालाही तोड निघाली. ज्याचा स्टार्ट मंद, तो पहिली चूक स्वतः करायचा आणि ती माफी वापरून टाकायचा. मग चपळ स्टार्टवाला बिचकून बसायचा. शेवटी २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, देगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या फायनलमध्ये उसेन बोल्ट बंदुकीआधी सुटला आणि बाहेर गेला. तो उघड निघाला होता, साध्या डोळ्यांना दिसत होता. त्या निकालावर माझी काही तक्रार नाही. नियम बोल्टला लागतो म्हणजे सगळ्यांना लागतो.

तक्रार आहे ती बंदुकीनंतर निघालेल्याबद्दल. बोल्ट बंदुकीआधी निघाला, ॲलन बंदुकीनंतर. दोघांना शिक्षा एकच. ॲलनच्या बाबतीत नियमाचं म्हणणं एवढंच, की माणसाचं शरीर इतकं लवकर हलूच शकत नाही.

खरंच शकत नाही का? आवाज कानात शिरतो, मेंदूपर्यंत जातो, तिथून निरोप पाठीच्या कण्यातून पायाच्या स्नायूंना पोचतो, स्नायू आवळतात, ब्लॉकवर जोर पडतो, आणि तो जोर ठरावीक मापाच्या वर गेला की सेन्सर म्हणतो, 'निघाला'. एवढ्या सगळ्याला बहुतेक नामांकित धावपटूंना ०.१२ ते ०.१८ सेकंद लागतात. बर्लिनला ९.५८ चा विश्वविक्रम केला तेव्हा बोल्टला ०.१४६ लागले होते. पण जागतिक संघटनेनेच फिनलंडच्या संशोधकांकडून हा प्रश्न तपासून घेतला होता. २००९ मध्ये त्यांचं उत्तर आलं, की काहींना ०.१०० च्या आत प्रतिसाद देता येतो, मर्यादा ०.०८० किंवा ०.०८५ पर्यंत खाली आणावी. तपासलेले धावपटू मोजकेच होते, हे खरं. मर्यादा मात्र तिथेच राहिली.

दुसरी गोष्ट सेन्सरची. तो माणसाची हालचाल पाहत नाही, जोर मोजतो. ज्याच्या पायात जोर जास्त, त्याचा आकडा ठरावीक मापापर्यंत लवकर चढतो. बीजिंग ऑलिंपिकमधल्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी यावर बोट ठेवलं होतं. स्त्रियांचे आकडे पुरुषांपेक्षा थोडे उशिराचे दिसतात, त्याचं एक कारण हे माप असू शकतं. तसं असेल तर ०.१०० ची एकच रेघ दोघांना सारखी लागत नाही. एखादी मुलगी अंदाजाने निघूनही रेघेच्या पलीकडे सुरक्षित राहील, आणि एखादा दणकट गडी प्रामाणिक असूनही अलीकडे सापडेल.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि ती आमच्या मैदानावर रोजची आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक लेन १.२२ मीटर रुंद. स्टार्टर पहिल्या लेनच्या कडेला उभा राहिला, तर आठव्या लेनला आवाज ०.०२५ सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो. तरीही २००४ च्या ऑलिंपिकमधले आकडे पाहिले तेव्हा पहिल्या लेनवाले इतरांपेक्षा लवकर निघाल्याचं दिसलं. बंदूक त्यांच्याजवळ होती, आणि आवाज जितका मोठा तितकं शरीर लवकर दचकतं. आमच्याकडे स्पीकर कुठून आणणार? मी मधोमध, दहा-बारा पावलं मागे उभा राहतो आणि क्लॅपर डोक्यावर धरतो. मागे गेल्यामुळे सहाही लेनला अंतर जवळजवळ सारखं पडतं, आणि वर धरल्यामुळे पलीकडच्या टोकाच्या घड्याळवाल्याला फळ्या मिटताना दिसतात. त्याने आवाजावर घड्याळ दाबलं तर शंभर मीटरवर ०.२९ सेकंदांची खिरापत वाटली जाईल. बघून दाबायचं, ऐकून नाही, हे मी रोज ओरडून सांगतो.

आता माझ्या आत्तेबहिणीचं सांगतो. ती दोन वर्षं तयारी करतेय. मागच्या वेळी ग्राउंडला थोडक्यात कमी पडली, लेखीपर्यंत पोचलीच नाही. तिचे शेवटचे तीस मीटर साधारण आहेत, पण सुटते ती गोफणीतून धोंडा सुटावा तशी. तिचं तेवढंच भांडवल. एका ठिकाणी सराव परीक्षा होती, तिथे ती गेली. पहिल्याच धावेत तिला 'फॉल्स' म्हणून बाजूला उभं केलं. शेजारच्या लेनमधली मुलगी 'सेट'वर असतानाच डुलत होती, असं तिचं म्हणणं. तिने विचारलं, "सर, कशावरून?" उत्तर आलं, "दिसलं." संपलं. पाचशे पोरं रांगेत असताना कोण थांबणार?

त्यानंतर महिनाभर तिच्या वेळा पडत गेल्या. मी विचारलं तर म्हणाली, "दादा, आता मी फट् ऐकते, मनात 'हां' म्हणते, मग निघते. म्हणजे कुणी काही बोलायला नको."

मी तिचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला. सेकंदाला २४० चित्रं. क्लॅपर मिटल्यापासून तिचा हात जमिनीवरून सुटेपर्यंतची चित्रं मोजली. जुन्या व्हिडिओत, म्हणजे 'हां'च्या आधीच्या, ३८ चित्रं होती, ०.१५८ सेकंद. आता ५५. हात सुटणं आणि ब्लॉकवर जोर पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे हे आकडे ॲलनच्या आकड्याशेजारी ठेवता येणार नाहीत. पण आपल्याच दोन आकड्यांत तुलना करता येते. फरक १७ चित्रांचा, ०.०७ सेकंदांचा. कुणी म्हणेल, एवढ्याने काय होतं? पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण ०.००५ सेकंदांनी ठरलं. गंमत अशी की जिंकलेला नोआ लाइल्स ०.१७८ वर, सगळ्यांत उशिरा सुटणाऱ्यांत होता. त्याच्याकडे शेवटचे तीस मीटर होते. माझ्या बहिणीकडे ते नाहीत. तिच्याकडे पहिले दहा आहेत, आणि तेच आता तिच्याकडून काढून घेतले जातायत.

हीच गोष्ट मोठ्या पडद्यावर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ आशियाई स्पर्धा, १०० मीटर अडथळा शर्यतीची फायनल. चीनची वू यान्नी बंदुकीआधी सुटली, आणि शेजारची ज्योती याराजी तिच्यामागोमाग हलली. पंचांनी ज्योतीलाही बाहेर जायला सांगितलं. ज्योती गेली नाही. ती तिथेच उभी राहून बोलत राहिली, स्क्रीनवरचं रिप्ले पाहिलं, दाखवलं. शेवटी दोघींना 'निकाल नंतर' या अटीवर पळू दिलं. वू दुसरी आली, ज्योती १२.९१ सेकंदांत तिसरी. मग वूला बाद केलं आणि ज्योतीला रौप्य मिळालं. दुसऱ्याच्या हालचालीमुळे जो हलला त्याला शिक्षा करू नये, ही सोय नियमात आहे. पण ती सोय ज्योतीला मिळाली कारण तिथे रिप्ले होता, तो पाहायला पंच तयार झाले आणि ती जागची हलली नाही. या तिन्हींतलं एक जरी नसतं, तर रौप्य गेलं असतं.

आपल्या खो-खोकडे बघा. पाठीत खो बसायच्या आधी उठलं तर 'अर्ली गेटअप'चा फाउल होतो. शिट्टी वाजते, चेसरची धाव अडते, मिळालेला फायदा जातो. खेळाडूला घरी पाठवत नाहीत. धावण्यातही डेकॅथलॉन-हेप्टॅथलॉनच्या शर्यतींत पहिली चूक आजही माफ असते. म्हणजे सवड ठेवायची कशी हे नियम करणाऱ्यांना माहीत आहे.

मला विचाराल तर, जो आवाजाआधी निघाला त्याला बाहेर काढा, पहिल्याच वेळी काढा. ०.०८० च्या खालचा आकडा आला तरी काढा. पण ०.०८० ते ०.१०० च्या मधल्याला पळू द्या. शर्यत झाल्यावर त्याच्या पायाच्या जोराचा आलेख बघा, त्याला दाखवा आणि मग ठरवा. यातून एखादा अंदाजाने निघालेला लबाड सुटेल, हे मला कळतं. आजच्या नियमातही ०.१०५ वरचा लबाड सुटतोच. रेघ कुठेही मारा, काही लबाड पलीकडे जाणार आणि काही प्रामाणिक अलीकडे राहणार. निदान अलीकडे राहिलेल्याला 'कशावरून?' असं विचारता यावं, आणि 'दिसलं' यापेक्षा बरं उत्तर मिळावं.

आमच्या मैदानावर आता एक फोन लेनच्या रेघेत, विटेवर टेकवून ठेवलेला असतो. एका पोराचं काम तेवढंच. कुणी फॉल्स म्हणालं, की ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी व्हिडिओ दाखवायचा, ओरडणाऱ्याला त्याच्या शेजारी बसवून. पहिल्या आठवड्यात भांडणं वाढली. "का बे, तूच डुलतोयस की!" असं रोज चालायचं. मग ओरडणं कमी झालं, कारण ओरडणाऱ्यालाही बघावं लागतं. दिवसाला पाच-सात मिनिटं जातात. तेवढी आम्हाला परवडतात.

बहिणीचं 'हां' अजून पूर्ण गेलेलं नाही. गेल्या आठवड्यात ४४ चित्रं आली.