'कुणबीण' आणि खाडी

मोल्सवर्थच्या कोशात 'कुणबीण' या शब्दाचे दोन अर्थ सापडतात : कुणब्याची स्त्री आणि गुलाम स्त्री. मराठी समीक्षेने यांपैकी दुसरा अर्थ जवळजवळ वाचलेलाच नाही. 'दासी' म्हटले की आपल्याला जनाबाई आठवते, आणि तिचे दास्य आपण तत्काळ भक्तीचे रूपक करून टाकतो. पदव्युत्तर वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, जनाबाईला नामदेवांचे घर सोडून जाता आले असते का?" हा प्रश्न वाङ्मयबाह्य ठरवणे सोपे होते. मला तो वाङ्मयीनच वाटतो.

पेशवाईत कुणबिणींची खरेदीविक्री होई. किल्ल्यांवर, पागेत, कोठीत त्यांना राबवले जाई. सुटका होई ती म्हातारपणी, आजारपणात किंवा बदली दुसरी कुणबीण दिल्यावर. सरकारी कुणबिणींपैकी अनेकजणी शिंदळकीच्या आरोपावरून दास्यात घातलेल्या असत. या तपशिलापाशी थांबले पाहिजे. विवाहाबाहेर कोणावर जीव जडणे हाच येथे स्वातंत्र्य गमावण्याचा मार्ग होता. (शिंदळकी म्हणजे प्रत्येक वेळी प्रेमच, असे मात्र समजू नये, जबरदस्तीही त्याच शब्दाखाली झाकली गेली असणार.) विल्यम आणि एलन क्राफ्ट हे गुलाम दांपत्य १८४८ साली वेषांतर करून जॉर्जियातून निसटले आणि १८६० साली त्यांची हकीकत पुस्तकरूपाने आली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. ते साम्य आपण वर्गात आवर्जून शिकवतो, पण घरच्या कुणबिणीपर्यंत पोहोचत नाही. तिच्याविषयी आपल्याजवळ आहे ते दप्तरी गद्य : गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिश्यांसारखे.

त्या गद्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. कुणबीण 'दिली', 'घेतली', 'ठेविली' : ती कर्म. 'मेली' आणि 'पळाली' एवढ्या दोन क्रियापदांशी ती कर्त्याच्या जागी येते.

पळून जायचे कोठे? १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी त्यांच्याकडे राहिली, कल्याण पेशव्यांकडे. १८१७पर्यंत मधली खाडी ही दोन राज्यांची सीमा होती. कळव्याच्या अलीकडे लोकलमधून ती पाहता पाहता मागे पडते. पैलतीरी मुक्ती ठेवलेली होती, असे समजण्याचे कारण नाही. कंपनीच्या मुलखात दास्याचा कायदेशीर आधार काढून घेतला तो १८४३च्या पाचव्या कायद्याने. तरीही जुन्या धन्याचा हुकूम खाडीपाशी थांबत होता, आणि शिंदळकीचा शिक्का बसलेल्या स्त्रीला तेवढे अंतरही पुष्कळ वाटले असेल.

मोडी शिकत असलेल्या दोन शोधछात्रांना मी सध्या एवढेच काम दिले आहे : पुण्याच्या पेशवे दप्तरात 'पळाली' हे क्रियापद शोधावे आणि त्यापुढच्या ओळीत कारकुनाने काय लिहिले आहे ते उतरवून आणावे.