धूळ वाटलेल्या रेघा

गौरी गिल आणि राजेश वांगड यांचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर, मानखुर्द सोडून गाडी खाडीपुलावर आली होती तेव्हा. करडा माळ, मागे डोंगर, थोडी झाडं आणि सगळीकडे बारीक कुसळं पडल्यासारखं काहीतरी. मला वाटलं, स्कॅन करणाऱ्यानं धूळ पुसलेली नाही. अंगठ्यानं वर सरकवलं आणि वाशीला उतरलो.

धूळ काढणं हा माझा पोटाचा धंदा. तुर्भे, महापे, रबाळे इथल्या कारखान्यांचे कॅटलॉग मी बावीस वर्षं करतो आहे. पंप, व्हॉल्व्ह, गोळ्यांच्या पट्ट्या. स्टीलच्या व्हॉल्व्हचा फोटो काढताना त्यात आपणच दिसतो, कॅमेऱ्यासकट. म्हणून पांढऱ्या कापडाचा तंबू करायचा आणि कापडाच्या भोकातून लेन्स आत घालायची. मग कॉम्प्युटरवर दोनशे टक्के मोठं करून एकेक ठिपका पुसत बसायचं. इतकी वर्षं हे केलं की डोळा डाग शोधायलाच शिकतो. जेवायला बसलो तरी ताटाच्या काठावरचा ओघळ आधी दिसतो. बायको म्हणते, वाढलेलं काय आहे तेही बघत जा.

रविवारी आम्ही काही जण ‘आपल्यासाठी’ फोटो काढतो. म्हणजे पहाटे साडेपाचला नेरूळच्या पाणथळीवर जातो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा 2015 मध्ये झाली, 2022 मध्ये खाडी रामसर यादीत गेली. नेरूळची तळी त्या हद्दीत येत नाहीत, पण भरतीनं चिखल बुडाला की पक्षी इकडे येतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात. काठावर कुणी म्हणत नाही. सूर्य वर आला, थवा उडाला, की वीस लेन्स एकदम कडकडतात आणि संध्याकाळपर्यंत वीस जणांकडे एकच फोटो असतो. त्यातला एक माझा. तो वाईट नसतो, हीच अडचण आहे.

नवं काही पाहायचं तर खाडी ओलांडावी लागते. नाटकासाठी वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. फोटो टांगायला तशी हक्काची जागा माझ्या पाहण्यात नाही. नेरूळहून सीएसएमटी तासाभराचा रस्ता, पुढे फोर्ट, काळा घोडा पायी. तिथल्या गॅलऱ्यांना तिकीट नसतं, पण बहुतेकींचं दार बंद असतं आणि ते ढकलायचा धीर करावा लागतो. मला पहिल्या खेपेला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. आत गेल्यावर दर वेळी काही गवसतं असंही नाही. पुरुषभर उंचीच्या रिकाम्या कॉरिडॉरचे फोटो आणि शेजारी फोटोपेक्षा लांब निवेदन, असं मी पुष्कळ पाहिलंय. निवेदन झाकलं की भिंतीवर नुसता कॉरिडॉर उरतो.

काही वेळा मात्र पाय अडकतो. दयानिता सिंग यांचं ‘म्युझियम भवन’ (2017) हाती आलं तेव्हा अडकला. एका खोक्यात नऊ छोटी पुस्तकं, पेटीच्या भात्यासारखी उलगडणारी. टेबलावर उभी करा, की घरात प्रदर्शन. त्यातलं एक यंत्रांचं. कागदपत्रांच्या गठ्ठ्यांचे फोटोही सिंग यांनी काढलेत. जुने, बांधलेले, फुगलेले गठ्ठे. आपल्या तलाठी कार्यालयात असतात तसे. मी असतो तर त्यांच्यावरची धूळ पुसून टाकली असती.

गिल-वांगडांचं पुस्तक मित्रानं परदेशातून आणलं, तेव्हा मी ती कुसळं पुन्हा पाहिली. ती माणसं होती. दोन त्रिकोणांची, काडीच्या हातापायांची, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढतात तीच वारली माणसं, इथे फोटोवर शाईनं काढलेली. झाडावर चढणारी, नांगर धरणारी, पळणारी. डोंगराच्या उतारावर, आभाळात, फांद्यांच्या आत. फोनच्या काचेवर त्यांचा पार भुगा झाला होता.

गोष्ट 2013 ची. गिल दिल्लीच्या, वांगड डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. कुठल्या जागी काय घडलं हे वांगड सांगत गेले आणि गिल त्या त्या जागी फोटो काढत गेल्या. प्रिंट्स आल्यावर ध्यानात आलं की कानांनी ऐकलेलं त्यात काहीच उतरलेलं नाही. मग त्यांनी त्या प्रिंट्स वांगडांच्याच हाती दिल्या. त्या मालिकेवर नाव दोघांचं असतं.

पुढे 2015 पासून गिल जव्हारला काम करू लागल्या. तिथे बोहाड्याच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे देवादिकांचे मुखवटे होतात. सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांना त्यांनी सुचवलं, की या वेळी देव नकोत, आजच्या जगण्यातली माणसं, जनावरं, वस्तू करा. गावकरी ते मुखवटे चढवून आपापल्या रोजच्या कामाला बसले आणि तसे त्यांचे फोटो निघाले. 2018 मध्ये ते न्यूयॉर्कच्या ‘मोमा पीएस वन’मध्ये लागले. जव्हार माझ्या घरापासून तीन-साडेतीन तासांवर. मी दोनदा गेलोय, पावसाळ्यात, धबधब्याचे फोटो काढायला.

पुस्तक परत दिलं आणि माळ्यावरचं खोकं खाली काढलं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यातल्या कोंबडभुज्याचे फोटो मी 2018 मध्ये काढले होते. छप्पर गेलेली घरं, निळ्या भिंती, खुंटीवर राहून गेलेली पिशवी, तिरपं ऊन. बघणारा ‘वा’ म्हणायचा. एका दोस्ताची आई त्या गावची. आता पुनर्वसनाच्या प्लॉटवर तीन मजली घरात राहते. मी आठ प्रिंट्स घेऊन काकीकडे गेलो.

तिनं चष्मा लावला, पहिली प्रिंट उभी-आडवी करून पाहिली. “वरती नुसतं आभाल कशाला ठेवलंस? यां चिच व्हती.” चिंच मी जायच्या आधीच तोडलेली होती. दुसऱ्या प्रिंटमध्ये रस्त्याकडेला एक दगड आहे. त्यावर बोट ठेवून ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “याचा शेंदूर कुठं गेला रे?”

शेंदूर मी पुसला होता. कोपऱ्यातला लाल डाग नजर ओढून घेत होता, म्हणून दोनशे टक्के मोठं करून, पाच मिनिटांत. कॅटलॉगमधला गंज पुसतात तसा. मूळ फाइल आहे माझ्याकडे. घरी येऊन उघडली. डाग जिथल्या तिथे होता.

आता जे करतोय ती उसनवारी आहे हे मला कळतं. वांगडांचा हात काकीला नाही आणि गिलची नजर मला नाही. तरी त्या आठ प्रिंट्स तिच्याकडे ठेवून आलोय, बरोबर शाईचं पेन. चकचकीत कागदावर शाई धरेना, म्हणून सगळ्या पुन्हा मॅट कागदावर काढून दिल्या. खाली नाव कुणाचं घालायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, दोघांचं. पहिल्या प्रिंटवर चिंच आली आहे, फोटोतल्या घराच्या दुप्पट उंच. दुसऱ्यावर दगडामागे विहीर. पेन मध्येच कुठेतरी हरवलं, त्यामुळे विहीर नातवाच्या स्केचपेननं काढलेली आहे, गुलाबी.